जंगाल पुसलं, पण पाणी आलं कुठून?

उघड्यावरच्या वायरी, प्लग आणि कनेक्टर यांच्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सगळ्या उत्तरांना एक अट लागू आहे. हात लावण्याआधी पुरवठा मुळातून बंद करा आणि मीटर लावून खात्री करून घ्या. बॅटरीचं काम असेल तर ऋण टोक आधी काढा आणि शेवटी जोडा. घरच्या मुख्य विजेवरचा बाहेरचा सॉकेट हिरवा पडला असेल, तर तो साफ करत बसू नका. नवा बसवून घ्या आणि त्याच्यामागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे ना, तेही पाहून घ्या.

प्रश्न : बागेतल्या १२ व्होल्टच्या दिव्यांचा प्लग उघडला, तर एक पिन हिरवी होऊन निम्मी झिजलेली आणि दुसरी जवळपास धडधाकट. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली. दोन महिन्यांत पुन्हा तेच. दोन्ही पिना एकाच पावसात भिजतात, मग खराब एकच का होते?

झिजलेली पिन धन बाजूची निघेल, मीटरने बघा. डीसी पुरवठा चालू असताना दोन पिनांच्या मध्ये ओलाव्याचा पातळ थर आला, की तिथे मुलामा चढवायच्या टाकीसारखाच प्रकार सुरू होतो. धन पिनेचं तांबं विरघळून त्या ओलाव्यात उतरतं आणि पाण्यातले क्षार व हवेतला कार्बन डायऑक्साइड यांच्याशी मिळून त्याचं हिरवं-निळं जंगाल होतं. नुसत्या हवेने तांबं कळकायला वर्षं लागतात. इथे वीजच ते उकरून काढत असते, त्यामुळे काही आठवडेही पुरतात.

म्हणून आधी बटण कुठे आहे ते पाहा. ते दिव्यापाशी असेल, तर दिवा बंद असतानाही कनेक्टरवर दिवसभर १२ व्होल्ट बसलेले असतात. बटण किंवा टायमर अडॅप्टरच्या आधी घ्या, म्हणजे दिवा बंद असतो तेवढा वेळ पिन मोकळी राहील. एवढ्या एका बदलाने पिनेचं आयुष्य बरंच वाढतं आणि त्याला काडीचाही खर्च नाही.

पॉलिश पेपरने मात्र तुम्ही नुकसानच केलंत. अशा पिनांवर कथलाचा थर असतो, एका अर्थी कल्हईच, आणि तो जेमतेम काही मायक्रॉन जाड असतो. सोन्याचा मुलामा असेल तर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. कागदाचे चार हात फिरले की खालचं तांबं उघडं पडतं. वर कागदाची रेती मऊ धातूत रुतून बसते आणि मादी पिनेला, म्हणजे ही पिन जिच्यात शिरते तिला, ओरखडत राहते. लोखंडी काथ्याही नको. त्याचे तंतू आत अडकून शॉर्ट करतात, नाहीतर स्वतःच गंजतात. निम्मी झिजलेली पिन बदलूनच टाका. घासून तिची जाडी परत येणार नाही.

प्रश्न : मग साफ करायचं कशाने? कोणी व्हिनेगर सांगतं, कोणी खायचा सोडा, कोणी दोन्ही एकत्र.

दोन्ही एकत्र कधीच नाही. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात. फेस भरपूर येतो, पण उरतं ते खारट पाणी. काय साचलंय ते ओळखून एकच निवडायचं.

लेड-ॲसिड बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा किंवा निळसर पिसारा हा सल्फेटचा असतो आणि त्यात आम्ल असतं. त्याला खायचा सोडा : २५० मिली पाण्यात एक मोठा चमचा. ब्रशने लावा, फसफसणं थांबेपर्यंत पुन्हा लावा, मग साध्या पाण्याने धुवा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांमधून आत जाऊ देऊ नका. ते आतलं आम्लच निकामी करेल. हातमोजे आणि चष्मा हवाच.

टॉर्चमधल्या अल्कलाइन सेलमधून गळलेली पांढरी खरपुडी याच्या उलट, म्हणजे अल्क असते. तिला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसाच्या काडीने लावायचा. इथे सोडा लावून काहीच होत नाही.

तांब्या-पितळेवरचं हिरवं जंगाल किंवा काळा थर असेल तर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, सगळ्यात बरं. १०० मिली कोमट पाण्यात एक लहान चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम. सुटा कनेक्टर त्यात ५ ते १० मिनिटं बुडवा. मधेच नायलॉनच्या मऊ ब्रशने फिरवा. मादी पिनेच्या आत दातांच्या फटी साफ करायचा बारीक ब्रश छान जातो. विसरून रात्रभर ठेवू नका. आम्ल कथलाच्या थरालाही खातं आणि काही मादी पिनांच्या आत पोलादी स्प्रिंग असते, ती गंजते. ज्या प्लगमध्ये बटण, फ्यूज किंवा सर्किट आहे तो बुडवायचाच नाही. तिथे कापसाची काडी.

व्हिनेगरमध्ये मीठ घातलं की जंगाल फार भराभर निघतं, हे खरं. पण मिठातलं क्लोराइड फटीत राहून गेलं, तर तेच पुढच्या जंगालाचं बी ठरतं. कनेक्टरसाठी तो उपाय टाळलेला बरा.

आम्लातून काढल्यावरचा भाग लोक टाळतात, आणि काम तिथेच बिघडतं. २५० मिली पाण्यात एक लहान चमचा सोडा घालून त्यात मिनिटभर बुडवा. मग डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा. नळाच्या पाण्यातले क्षार वाळून तिथेच बसतात, म्हणून शेवटचं धुणं नळाखाली नको. त्यानंतर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आतून सोडा. ते फटीतलं पाणी आपल्याबरोबर घेऊन उडतं. ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेला भाग पाणीच असतो, हे लक्षात ठेवा. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे ते पूर्ण उडेपर्यंत हेअर ड्रायरसुद्धा जवळ आणू नका. मग कोमट हवा द्या आणि जमल्यास रात्रभर उघड्या तोंडाने कोरडं होऊ द्या. ओला कनेक्टर ग्रीस लावून बंद केलात, तर आतलं पाणी आतच राहील.

प्रश्न : गंज सोडवायचा जो नेहमीचा फवारा मिळतो, डब्ल्यूडी-४० सारखा, तोच मारला तर चालत नाही का?

अडकलेला प्लग सोडवायला किंवा भिजलेल्या प्लगमधलं पाणी हटवायला चालतो. कायमचं संरक्षण म्हणून नाही. त्याचा पातळ तेलकट थर धूळ धरतो आणि उन्हात हळूहळू निघून जातो. साफ करायला हवा असेल तर काहीही मागे न ठेवणारा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो, तो घ्या. त्याच नावाखाली दोन्ही प्रकारचे डबे विकले जातात, तेव्हा लेबल वाचूनच उचला.

प्रश्न : डायइलेक्ट्रिक ग्रीस विजेला अडवतं म्हणतात. मग ते पिनेवर लावल्यावर करंट जातो कसा?

ग्रीस वीज वाहून नेत नाही, हे बरोबर. पण पिन आणि सॉकेट हे धातूचे दोन सपाट पत्रे नव्हेत. सूक्ष्मात दोन्ही खडबडीत असतात आणि एकमेकांना टेकतात ते मोजक्या उंचवट्यांवर. स्प्रिंगचा दाब त्या उंचवट्यांवर इतका असतो, की तिथलं ग्रीस बाजूला सरून धातू धातूला भिडतो. उरलेल्या खाचांमध्ये ग्रीस भरून राहतं आणि पाण्याला जागा उरत नाही. ग्रीसचं काम एवढंच. म्हणून ढिल्या पिनेवर ग्रीस लावून ती सुधारत नाही. दाब नसेल तर तेच ग्रीस आड येतं.

प्रमाण : लहान दोन पिनांच्या कनेक्टरला काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं पुरे. त्यातलं निम्मं रबरी सीलवर बोटाने चोळा, निम्मं मादी पिनेच्या तोंडाशी. गच्च भरू नका. भरलेलं ग्रीस जोडताना दाबलं जातं, मागचं सील बाहेर ढकलतं किंवा क्लिक होऊच देत नाही. लोकांना वाटतं जास्त लावलं म्हणजे जास्त टिकेल. इथे ते उलटं पडतं.

कोणतं कुठे, हेही पाहावं लागतं. पेट्रोलियम जेली बॅटरीच्या टोकांना ठीक, पण ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) आणि नैसर्गिक रबराची सीलं ती फुगवते आणि कडक उन्हात पातळ होऊन वाहते. सिलिकॉन ग्रीस, म्हणजे डायइलेक्ट्रिक म्हणून बहुधा मिळतं तेच, बहुतेक रबरांना चालतं, फक्त सिलिकॉन रबराच्याच सीलला ते काही वेळा फुगवतं. तांब्याची किंवा ग्रॅफाइटची भुकटी असलेलं वाहक ग्रीस एकेकट्या टोकाला लावता येतं. पाच-सात पिना शेजारी असलेल्या कनेक्टरमध्ये ते गेलं तर पिना एकमेकींना जोडल्या जातील. आणि रिले किंवा बटण, म्हणजे जिथे ठिणगी पडते तिथे, सिलिकॉन ग्रीस जवळही नको. ठिणगीच्या उष्णतेने त्याची सिलिका, म्हणजे जवळजवळ वाळूच, होते आणि संपर्क बंद पडतो.

प्रश्न : कनेक्टर साफ केला, मल्टिमीटरचा बझर वाजतो, तरी १२ व्होल्टचा पंप मंद चालतो.

बझरवर विश्वास ठेवू नका. मीटर त्या वेळी अगदी किरकोळ करंट सोडतो आणि काही ओहमचा रोध असला तरी आनंदाने वाजतो. ओहमच्या पट्टीवरही हे दिसणार नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो.

इथे सुरुवातीच्या अटीला अपवाद, पंप चालू ठेवून मोजा. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक कनेक्टरच्या अलीकडच्या वायरीला, दुसरं त्याच वायरीला पण कनेक्टरच्या पलीकडे. म्हणजे धन ते धन. इन्सुलेशनमधून बारीक सुई टोचून मोजलंत, तर ते छिद्र नंतर चिकट हीट श्रिंकने, म्हणजे गरम केल्यावर आकसून घट्ट बसणाऱ्या नळीने, बंद करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या पावसाला नवं दार मिळालं. समजा पंप ५ अँपिअर घेतो आणि मीटर ०.६ व्होल्ट दाखवतो. म्हणजे त्या एका जोडात ०.१२ ओहम आणि ३ वॅट उष्णता, तीही तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत. प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसतं ते यामुळेच. चांगला जोड एवढ्या करंटला २५ ते ५० मिलिव्होल्ट दाखवतो. ०.१ व्होल्टच्या वर गेला की तो जोड उघडा. ऋण बाजूही तशीच वेगळी मोजा. अर्धे लोक धन पिन घासत बसतात आणि दोष ऋण बाजूच्या (अर्थच्या) वायरीत असतो.

प्रश्न : पिन साफ आहे, पण मागची वायर सोलली तर आतले तार काळे. सोल्डर धरतच नाही.

तोंडातून शिरलेलं पाणी बारीक तारांच्या फटीतून, वातीत तेल चढावं तसं, इन्सुलेशनच्या आत ओढलं गेलंय. काळं पडलंय ते तांब्याचं ऑक्साइड. त्यावर सोल्डर बसत नाही आणि क्रिम्प केलं, म्हणजे धातूच्या टोकात चेपून बसवलं, तरी रोध राहतो. ३ ते ५ सेंटिमीटर कापा, सोला, पाहा. लालसर चमक दिसेपर्यंत मागे जात राहा. ३० सेंटिमीटर मागे जाऊनही काळंच असेल तर वायर बदला, पुढे कापत जाण्यात अर्थ नाही. बदलताना कथलाचा मुलामा दिलेली, बोटींसाठी विकली जाणारी वायर मिळाली तर तीच घ्या.

जोड क्रिम्पचा करा. सोल्डर तारांमध्ये चढून जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि हलून हलून नेमकी तिथेच तुटते. इन्सुलेटेड लग, म्हणजे वायरीच्या टोकाला चेपायचे धातूचे तुकडे, रंगावरून घ्यावेत : लाल ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटर, निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६. पकडीने चेपून काम होत नाही, क्रिम्पिंगचा रॅचेट असलेला पाना लागतो. चेपल्यावर ओढून पाहा. जोरात ओढूनही सुटता कामा नये. वर आतून गोंद असलेलं हीट श्रिंक, ३ पट आकसणारं. दोन्ही टोकांतून गोंदाची कड बाहेर डोकावेपर्यंत गरम करा. गोंद दिसला नाही, तर ती फक्त एक नळी आहे.

प्रश्न : छतावरच्या सोलर पॅनेलच्या एमसी४ कनेक्टरमध्ये पाणी गेलंय. स्प्रे मारून चालेल का?

नाही. हा कनेक्टर साफ करायचा नसतो, बदलायचा असतो, नर आणि मादी दोन्ही. आतून गंजलेला जोड तापतो आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपणहून विझत नाही. छताला आग लागायला असा एक जोड पुरतो. शिवाय काही स्प्रे आणि तेलं त्याच्या प्लास्टिकला तडे पाडतात.

करंट चालू असताना हा कनेक्टर उघडणं धोक्याचं आहे. इन्व्हर्टर एसी बाजूने बंद, मग डीसी आयसोलेटर, मग क्लॅम्प मीटरने करंट शून्य आहे का ते पाहायचं आणि त्यानंतरच हात. तरीही पॅनेलवर उजेड आहे तोवर टोकांवर व्होल्टेज असतंच, आणि ओळीत जोडलेल्या पॅनेलचं ते काहीशे व्होल्ट भरतं. हे काम सोलरचं काम जाणणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. तुम्ही एवढं मात्र बघा : नवे नर-मादी एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आहेत ना. 'एमसी४ला चालणारा' म्हणून दुसऱ्याच कंपनीचा अर्धा भाग जोडलेला असतो, तो क्लिक होतो, पण पिनेचं माप आणि सीलची बसण केसभर वेगळी असते. पाणी तिथूनच शिरतं. कनेक्टर छतावर, पाणी साचतं तिथे, पडलेला नको. चौकटीला बांधून घ्या, आणि तोंडाला लागूनच वायर वाकवू देऊ नका, नाहीतर मागचं सील एका बाजूने उघडतं.

आणि खोक्यावर आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा, लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. तो दर्जा नर-मादी नीट जोडलेले असतानाचा आहे, १ मीटर पाण्यात ३० मिनिटांसाठी. उघडं तोंड पडून राहिलं तर त्याला काहीच दर्जा नाही. धुण्याच्या प्रेशर पंपाचा झोतही त्यात बसत नाही.

प्रश्न : पॅनेलच्या ॲल्युमिनियम चौकटीला अर्थिंगची तांब्याची वायर थेट बोल्टने आवळली आहे. तिथे पांढरी पूड येते.

तांबं आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. कथलाचा मुलामा दिलेला लग आणि स्टेनलेसचा दातेरी वॉशर वापरा. चौकटीवरचा ॲनोडाइझचा थर वीज अडवतो, म्हणून निर्मात्याने अर्थिंगसाठी खूण केलेल्या भोकातच जोडा. आणि तांबं वर, ॲल्युमिनियम खाली अशी रचना टाळा, कारण तांब्यावरून ओघळलेलं पाणीच खालच्या ॲल्युमिनियमला पुरतं.

प्रश्न : जंक्शन बॉक्सची प्रत्येक फट सिलिकॉनने बुजवली. तरी आत पाणी, आणि तांब्याची टोकं पूर्वीपेक्षा लवकर हिरवी पडली.

दोन वेगळ्या चुका असाव्यात. सिलिकॉन लावताना व्हिनेगरचा वास आला होता का? तसं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं. बंद डब्यात ती वाफ तांब्यावर बसते. विजेच्या कामाला न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच घ्यायचं. आधीचं खरवडून काढा, टोकं सोड्याच्या पाण्याने पुसा, डिस्टिल्ड वॉटरने पुसा, वाळवा.

दुसरं, डबा श्वास घेतो. दुपारी आतली हवा तापून फुगते आणि फटीतून बाहेर पडते. संध्याकाळी पाऊस पडून डबा एकदम गार झाला, की तो बाहेरची दमट हवा किंवा फटीवर थबकलेलं पाणीच आत ओढतो. वायरीच्या गाभ्यातूनसुद्धा. शंभर टक्के बंद डबा करणं अवघड आहे, त्यापेक्षा आलेल्या पाण्याला वाट द्या. वायरी तळातून ग्लँडने, म्हणजे वायरीभोवती आवळून बसणाऱ्या तोटीने, आत घ्या. कमी व्होल्टच्या डब्याला सगळ्यात खालच्या जागी ३ ते ५ मिलिमीटरचं भोक पाडा. मुख्य विजेच्या डब्याला मनाने भोक पाडू नका. निर्मात्याने तशी जागा ठेवली असेल तीच उघडा, किंवा हवा जाऊ देणारा पण पाणी न घेणारा ब्रीदर प्लग बसवा. आणि आत शिरण्याआधी वायरीला १०-१५ सेंटिमीटर खाली झोल द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशीच गळून जाईल.

प्रश्न : ट्रेलरचा प्लग आतून स्वच्छ दिसतो, तरी खड्ड्यात दिवे लुकलुकतात.

भिंगातून पाहा, पिनेवर काळसर भुकटीचा बारीक पट्टा दिसेल. हादऱ्यांनी पिन केसापेक्षाही कमी सरकते. दर वेळी कथलाचा ताजा भाग उघडा पडतो, त्याचं ऑक्साइड होतं आणि भुकटी साचत जाते. पाण्याचा इथे संबंध नसतो. प्लग पाच-सहा वेळा काढा-घाला, अल्कोहोलने पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या. वायर प्लगपासून १० सेंटिमीटरच्या आत पट्टीने बांधा, म्हणजे हादरा पिनेपर्यंत पोचणार नाही.

मादी पिना ढिल्या झाल्यात का, हेही तपासा. एक सुटी नर पिन एकेका भोकात घालून ओढा. सगळीकडे सारखा अटकाव लागला पाहिजे. एखादी अलगद निघाली तर तीच लुकलुकणारी. टोच्याने चेपून ती आवळता येते, पण महिना-दोन महिने. स्प्रिंगचा जोर एकदा गेला की परत येत नाही, ती पिन मागून वायरीसकट काढून नवी बसवा.

प्रश्न : अँटेनाच्या वायरीवर टेप गुंडाळायची नेमकी पद्धत काय?

आधी आपोआप एकजीव होणारी रबरी टेप. तिला गोंद नसतो. दुप्पट लांब होईल इतकी ताणून, निम्म्यावर निम्मी चढवत, कनेक्टरच्या खाली ५ सेंटिमीटरपासून वरच्या बाजूला ५ सेंटिमीटरपर्यंत न्या. सुरुवात खालूनच. मग प्रत्येक वरचा वेढा खालच्यावर कौलासारखा येतो आणि पाणी ओघळून जातं. वरून खाली गुंडाळली, तर प्रत्येक कडेत पाणी थबकतं. त्यावर काळ्या, उन्हात टिकणाऱ्या पीव्हीसी टेपचा एक थर, तोही खालून वर. शेवटचा वेढा न ताणता सोडा. ताणून कापलेलं टोक उन्हात मागे आकसतं आणि तिथूनच टेप सुटायला लागते.